डोरोथी लेव्हिट आणि तिचा डोडो

कारखान्याचा बॉयलर पेटला की आमच्या तेलगावच्या चौकाचे रूपच पालटते. बीडहून परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. एरवी एस.टी.ची वाट पाहणारी माणसे आणि चहाच्या टपऱ्या एवढाच काय तो देखावा. पण दिवाळीच्या आगेमागे उसाच्या गाड्यांची रांग लागते आणि रात्री-अपरात्री बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू येतो. या रांगेकडे जरा निरखून पाहिले तर टोळीबरोबर एखाददुसरे कुत्रे हमखास दिसते. कुणाचे टायरगाडीखाली, दोन चाकांमधल्या सावलीत, बैलांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत असते. कुणाचे वाढ्यांच्या भाऱ्यावर बसून साऱ्या जगाकडे मालकी हक्काने पाहत असते. हे कुत्रे हौसेचे नसते. आईबाप फडात असतात तेव्हा कोपीत निजलेल्या लेकराला तेच राखते.

आमच्याकडे मोत्या होता. माझ्या वयाच्या आठव्या वर्षापर्यंत मी आई-अण्णांबरोबर दर हंगामाला परमुलखात जात असे आणि माझ्या त्या प्रवासाच्या साऱ्या आठवणी मोत्याच्या पाठीला हात लावूनच सुरू होतात. गाडी दुसऱ्याची, बैल उचलीच्या पैशातले, ऊस तर कुणाचा कुणास ठाऊक. आमचे म्हणावे असे त्या साऱ्या लवाजम्यात एक मोत्या होता.

गेल्या वर्षी आमच्या इंग्रजीच्या सरांनी ग्रंथालयात एक जुने छायाचित्र दाखविले. एका उघड्या मोटारीच्या चाकामागे एक तरुणी बसली आहे. डोक्यावर टोपी, टोपीवरून हनुवटीखाली बांधलेली जाळी, अंगात लांब धूळकोट. आणि तिच्याजवळ काळ्या केसांचे एक इवलेसे कुत्रे. सरांनी सांगितले की ही डोरोथी लेव्हिट, इंग्लंडमधली पहिली शर्यतपटू मोटारचालक स्त्री; आणि हा तिचा डोडो, जो तिच्याबरोबर शर्यतींना जात असे. मला प्रथम हसू आले. श्रीमंत बाईचे चोचले, असे वाटले. पुढे सरांच्या मदतीने तिच्याविषयी मिळेल ते वाचत गेले आणि माझे ते हसू मलाच बोचू लागले. कारण ही बाई श्रीमंत नव्हती. ती कारखान्यातली एक टंकलेखिका होती.

तिचा जन्म ५ जानेवारी १८८२ रोजी लंडनच्या हॅकनी भागात एका ज्यू कुटुंबात झाला. जन्मनाव एलिझाबेथ लेव्ही. वडील जवाहिऱ्याचा आणि चहाचा धंदा करीत. पुढे कुटुंबाने लेव्ही हे आडनाव बदलून लेव्हिट असे इंग्रजी वळणाचे केले. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी ही मुलगी नेपिअर या मोटार बनविणाऱ्या कारखान्यात हंगामी सचिव म्हणून कामाला लागली. पत्रे टंकलिखित करायची, हिशेब लावायचे, सांगितले तेवढे करायचे. त्या काळी इंग्लंडमध्ये कचेऱ्यांतून मुली नव्यानेच दिसू लागल्या होत्या. टंकलेखन यंत्राने त्यांना घराबाहेर आणले होते. पण त्यांचे काम कचेरीच्या खुर्चीपाशी संपावे अशीच सर्वांची अपेक्षा होती.

नेपिअरच्या मोटारी विकण्याचे काम सेल्विन एज नावाचा गृहस्थ पाहत असे. जन्माने तो ऑस्ट्रेलियाचा. स्वतः उत्तम शर्यतपटू. १९०२ साली त्याने नेपिअर मोटारीवर गॉर्डन बेनेट करंडक जिंकला होता. पण त्याहूनही तो पक्का व्यापारी होता. फ्रान्समध्ये कामी द्यू गास्त नावाच्या स्त्रीने १९०१ साली पॅरिस ते बर्लिन या शर्यतीत भाग घेतला होता आणि वर्तमानपत्रांनी तिच्याविषयी रकानेच्या रकाने भरले होते. एजने हे हेरले. आपल्या मोटारी बाईमाणूसही सहज चालवू शकते असे लोकांना दिसले तर खप वाढेल, असा त्याचा सरळ हिशेब. कचेरीतली ही तरतरीत मुलगी त्याच्या नजरेत भरली. मोटार चालविण्याचे पहिले धडे देण्यासाठी त्याने आपल्याच एका तरुण विक्रेत्याला नेमले. मोटारी विकायच्या सोडून एका टंकलेखिकेला शिकवायचे, या कल्पनेने तो बिचारा मुळीच खूश नव्हता म्हणतात. नंतर एजने तिला सहा महिने पॅरिसला धाडले. तेथे एका मोटार कारखान्यात तिने यंत्राची जोडणी, दुरुस्ती आणि चालविणे असे सारे अंगमेहनतीने शिकून घेतले.

मालकाने शिकविले म्हणजे मालकासाठी राबायचे हे ओघाने आलेच. आमच्याकडे याला उचल म्हणतात. पण उचल घेतलेला माणूसही आपला कोयता आपल्याच हाताने चालवतो, आणि तो चांगला चालला तर ते कौशल्य त्याचे असते. डोरोथीचे तसेच झाले. मी तिला एकेरीत लिहिते आहे, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली तेव्हा एकवीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याहून एकच वर्षाने मोठी. अहो-जाहो करायला मन घेत नाही.

ते साल १९०३. त्या वर्षी ती मोटारींच्या जाहीर स्पर्धेत भाग घेणारी पहिली इंग्रज स्त्री ठरली. त्याच वर्षी साउथपोर्ट येथे झालेल्या वेगाच्या चाचण्यांत ग्लॅडिएटर मोटार चालवून तिने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळविला. लोकांना दोन गोष्टींचा धक्का बसला. एक तर बाई, आणि तीही नोकरी करून पोट भरणारी. मोटार ही तेव्हा उमराव आणि गर्भश्रीमंत यांची मिरास होती. मोटारीजवळ पगारी माणूस दिसलाच तर तो चालक किंवा यांत्रिक म्हणून. करंडक घ्यायला पुढे यायचा तो मालक.

याचा अनुभव तिला त्याच वर्षाच्या जुलै महिन्यात आला. मोटारींप्रमाणेच नेपिअरची यंत्रे बोटींनाही बसवीत. आयर्लंडमध्ये कॉर्कच्या बंदरात, क्वीन्सटाउन येथे, हार्म्सवर्थ करंडकासाठी यांत्रिक बोटींची पहिलीच शर्यत ठरली. वर्तमानपत्रांचा धनी आल्फ्रेड हार्म्सवर्थ याने हा करंडक ठेवला होता. नेपिअरच्या पोलादी बोटीचे सुकाणू डोरोथीच्या हाती होते. बोट ताशी १९.३ मैल, म्हणजे सुमारे ३१ किलोमीटर वेगाने धावली आणि जिंकली. करंडकावर नाव कोरले गेले ते सेल्विन एजचे, कारण बोट त्याच्या नावाने दाखल झाली होती. पुढे काउज येथे बोट दाखविली गेली तेव्हा राजा सातवा एडवर्ड याने डोरोथीला आपल्या नौकेवर बोलावून तिचे अभिनंदन केले. राजाला ठाऊक होते सुकाणू कुणी धरले ते. करंडकाला मात्र आजही एजच माहीत आहे.

याच वर्षी डोडो तिच्या आयुष्यात आला, आणि आला तोही चोरवाटेने. तो काळ्या रंगाचा पॉमेरेनियन जातीचा कुत्रा. मारी कॉर्नेल नावाच्या एका फ्रेंच बाईने तिला भेट दिलेला. इंग्लंडने त्या सुमारास पिसाळलेल्या कुत्र्यांचा रोग देशातून मोठ्या कष्टाने हद्दपार केला होता आणि परदेशातून कुत्रे आणण्यावर कडक निर्बंध घातले होते. तेव्हा त्या बाईंनी काय केले, तर कुत्र्याला गुंगीचे औषध दिले आणि मोटारीतल्या दुरुस्तीच्या हत्यारांच्या पेटीत त्याला निजवून साउथॅम्प्टनच्या जकातीतून सुखरूप बाहेर काढले. कायद्याच्या दृष्टीने हे वाईटच झाले आणि कुत्र्याच्या जिवाशीही तो खेळच होता. पण पाने आणि पकडी यांच्या सोबतीने इंग्लंडात उतरलेला हा जीव पुढे जन्मभर मोटारीतच रमला, यात नवल ते काय?

त्या वर्षी आणखी एक प्रकरण घडले. लंडनच्या हाइड पार्कमधून बेफाम वेगाने मोटार हाकल्याबद्दल पोलिसांनी तिला न्यायालयात खेचले. तिने पोलिसांविषयी जे उद्गार काढल्याची तक्रार होती ते कुलीन स्त्रीला शोभणारे नव्हते असे तेव्हाच्या लोकांचे मत पडले. दंड झाला. माझी आई असती तर म्हणाली असती की पोरीची जीभ फार चालते. मला तर हे वाचून बरे वाटले. एरवी तिच्या चरित्रात ती नेहमी हसतमुख, नीटनेटकी, जाहिरातीच्या चित्रासारखी दिसते. येथे ती प्रथमच चिडलेली भेटते.

आता १९०४ च्या सप्टेंबरमधली ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. हेरफर्ड येथे हलक्या मोटारींची एक हजार मैलांची चाचणी होती. हा एका दिवसाचा मामला नव्हे. रोज ठराविक मैल कापायचे, यंत्र बिघडले तर गुण कापले जायचे आणि शेवटपर्यंत टिकेल त्याचे नाव व्हायचे. रस्ते कच्चे, धुळीचे, चढउतारांचे. इतर स्पर्धकांबरोबर यांत्रिक असत. डोरोथी आठ अश्वशक्तीची द दियाँ-बूतों मोटार घेऊन उतरली. यांत्रिक नाही, मदतनीस नाही. चाक निखळले तर तीच बसवणार, ठिणगी पडेना तर तीच प्लग पुसणार. तिच्या सोबतीला होता तो डोडो.

डोडोचे अंग ओंजळभर, पण आवाज मोठा. जवळ येणाऱ्या पुरुष स्पर्धकांवर तो भुंके, त्यांच्या अंगावर जाई. ते वैतागले. मग एके दिवशी सकाळी मोटारी निघायच्या वेळी पाहावे तो काय! इतरांच्या मोटारींच्या पुढच्या झाकणावर खेळण्यातली कुत्री बांधलेली. प्रेक्षक खदखदून हसले. वर्तमानपत्रांना मजकूर मिळाला. आजही डोरोथीविषयी कुणी चार ओळी लिहिल्या तर त्यात ही खेळण्यातली कुत्री असतातच, आणि ती गमतीची गोष्ट म्हणूनच सांगितली जाते.

मी ही गोष्ट दोन-तीनदा वाचली आणि मला तिच्यातली गंमत कमी कमी दिसू लागली. हजार मैलांच्या त्या चाचणीत आपल्या मोटारीत दुसरे माणूस न घेता ती उतरली होती. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर पुरुष मंडळी एकत्र बसत, यंत्रांविषयी बोलत, थट्टामस्करी करीत. त्या बैठकीत तिला जागा कोठून असणार? दिवसभर रस्त्यावर ती एकटी, संध्याकाळी मुक्कामावरही एकटी. अशा ठिकाणी जवळ येणाऱ्या परक्या पुरुषावर जो भुंकतो त्याला आमच्या फडावर गुणी कुत्रा म्हणतात. मोत्या मुकादमावर भुंकायचा. रात्री कोपीजवळून कुणी विनाकारण घुटमळत गेले तर तो दात दाखवायचा. आई त्याला भाकरीचा पहिला तुकडा टाकायची तो काही कौतुकाने नव्हे. अण्णा रात्रीच्या खेपेला गाडी घेऊन कारखान्यावर गेले की आडरानात ती, मी आणि मोत्या एवढेच असायचो. डोडोला हसणाऱ्यांपैकी कुणाच्या बायकोला किंवा बहिणीला रात्री अशा परक्या मुलखात एकटीने राहावे लागले नसावे.

त्या चाचणीत शेवटच्या दिवशी मोटारीत बिघाड झाला आणि डोरोथीचे सुवर्णपदक हुकले. बिघाड तिने स्वतः दुरुस्त केला, पण घड्याळ काही थांबत नाही. खेळण्यातली कुत्री बांधून आलेल्यांनी त्या दिवशी काय केले, हे सांगायला मात्र कुणाला सुचलेले दिसत नाही.

पुढच्या वर्षी, १९०५ च्या मार्च महिन्यात, तिने त्याच जातीच्या आठ अश्वशक्तीच्या मोटारीने लंडन ते लिव्हरपूल आणि परत असा प्रवास केला. एका बाजूचे अंतर २०५ मैल, म्हणजे ३३० किलोमीटर. हे अंतर तिने ११ तासांत कापले. आपल्याकडे बीडहून पुण्याला जाऊन त्याच्याही बरेच पुढे जावे एवढा हा पल्ला होतो. इंग्लंडात तेव्हा रस्त्यावर ताशी २० मैलांची कायदेशीर मर्यादा होती, हे लक्षात घेतले म्हणजे ११ तासांचा अर्थ कळतो. ती थांबलीच नसावी! स्त्रीने केलेला तोवरचा सर्वांत लांबचा मोटारप्रवास म्हणून त्याची नोंद झाली. मोटारीत कोण कोण होते? नोंद ठेवणारा अधिकृत निरीक्षक, एक पिस्तूल आणि डोडो. यांत्रिक याही वेळी नव्हता. योगायोग असा की भारतात मोटार चालविणारी पहिली स्त्री म्हणून जिचे नाव घेतले जाते त्या सुझान टाटा यांच्या मोटारीचे सालही १९०५ हेच सांगतात. पण त्या टाटांच्या घरच्या सूनबाई होत्या; मोटार घरची होती. डोरोथीला सोमवारी कामावर हजर व्हायचे असे.

त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रायटनला समुद्रकाठच्या रस्त्यावर वेगाच्या चाचण्या झाल्या. या चाचण्यांसाठी तो रस्ता मुद्दाम डांबरी केला होता. येथे तिच्या हाती ८० अश्वशक्तीची नेपिअर होती. आठ अश्वशक्तीची गाडी चालविणाऱ्या हातांनी हे धूड आवरायचे म्हणजे गोऱ्ह्याची सवय असलेल्याने पोळ्याचा मारका बैल धरण्यासारखे. तिने ताशी ७९.७५ मैल, म्हणजे १२८ किलोमीटर वेग गाठला. स्त्रियांच्या वेगाचा तो पहिला जागतिक विक्रम. कित्येक नावाजलेले पुरुष तिच्या मागे पडले. १९०६ साली शेल्सली वॉल्शच्या चढावर तिने स्त्रियांचा जो विक्रम केला तो १९१३ पर्यंत कुणाला मोडता आला नाही. आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये ब्लॅकपूल येथे तिने आपलाच विक्रम मोडून ताशी ९०.८८ मैल, म्हणजे १४६ किलोमीटर वेग नोंदविला. त्या धावेत मोटारीच्या झाकणाचा पुढचा भाग सैल झाला. तिने वेळीच मोटार थांबविली म्हणून बरे. नाहीतर पत्रा वाऱ्याने मागे उलटून तिचे डोकेच उडाले असते. त्या मोटारींना वर छप्पर नसे, समोर काच नसे. १४६ किलोमीटरचा वारा सरळ तोंडावर. आपल्या गावच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या मागे बसून ज्यांनी डोळ्यांत धूळ घेतली आहे त्यांनी यावरून कल्पना करावी.

एवढे झाल्यावर तिला सन्मानाने पुढच्या शर्यतींना बोलावले असेल असे कुणालाही वाटेल. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे मोटारींच्या शर्यतीसाठी खास बांधलेली धावपट्टी सुरू झाली. जगात अशी ती पहिलीच. डोरोथीने प्रवेश मागितला, एजने शब्द टाकला. चालकांनी नकार दिला. कारण एकच, ती स्त्री. तिच्यापेक्षा हळू मोटार चालविणाऱ्या पुरुषांना तेथे मज्जाव नव्हता. खुद्द एजने त्याच वर्षी जूनमध्ये त्या धावपट्टीवर सलग २४ तास मोटार चालवून नाव कमावले. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, चालकांनी मन थोडे मोठे केले आणि केवळ स्त्रियांसाठी एक शर्यत ठेवली. बक्षीस होते हातातले कंकण. ती शर्यत म्युरिएल थॉम्प्सन हिने जिंकली. वेगाचे बक्षीस म्हणून कंकण! बरे, घड्याळ तरी द्यायचे.

डोरोथीने मग युरोपची वाट धरली. १९०७ साली जर्मनीतील हर्कोमर करंडकाच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत ती उतरली, फ्रान्समधील गायों येथील चढावरच्या शर्यतीत तिने आपला गट जिंकला, १९०८ साली पुन्हा जर्मनीत गेली. मोटार अर्थात नेपिअरचीच असे. तिच्या विजयांची यादी येथे पुरी देत नाही. यादी वाचताना माझ्या मनात जे येत राहिले ते वेगळेच होते. ग्लॅडिएटर तिची नव्हती, द दियाँ तिची नव्हती, नेपिअर तर नव्हतीच. बोट मालकाची, करंडकावर नाव मालकाचे, शर्यतीत उतरायचे की नाही हे ठरविणार मालक. हंगामभर धावणाऱ्या त्या साऱ्या लवाजम्यात तिचा स्वतःचा म्हणावा असा डोडो होता. मोत्याची आठवण येते ती येथे.

१९०९ साली तिने एक पुस्तक लिहिले. स्त्री आणि मोटार असे त्याचे नाव मराठीत सांगता येईल. ग्राफिक या पत्रात ती स्त्रियांसाठी मोटारींविषयी जे लिहीत असे त्यातून ते तयार झाले. माझ्या मते तिचा खरा पराक्रम हे पुस्तक. आपला वेग, आपली बक्षिसे यांचा डांगोरा पिटण्याऐवजी तिने त्यात सरळ कामाच्या गोष्टी सांगितल्या आहेत. हँडल कसे फिरवावे, प्लग कसा पुसावा, तेल आणि पेट्रोल कसे तपासावे, यंत्राचा आवाज बदलला तर काय समजावे. मोटार चालविताना झालरीचे, फुलाफुलांचे कपडे घालू नयेत; अंगभर साधा झगा घालावा, म्हणजे यंत्राला हात लावताना भीती वाटत नाही. बैठकीखालच्या खणात हातमोजे, रुमाल, साबण आणि थोडे चॉकलेट ठेवावे. आणि एक छोटा हात-आरसा ठेवावा. तो चेहरा पाहण्यासाठी तर आहेच, पण मधून मधून तो हातात उंच धरावा म्हणजे मागून काय येते ते दिसते. मोटारी बनविणाऱ्या कारखान्यांना मागचे दाखविणारा आरसा बसविण्याची बुद्धी व्हायच्या आधी काही वर्षे हे तिने लिहून ठेवले. आज तेलगावच्या चौकातून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला आणि ट्रॅक्टरला तो आरसा आहे. बाईच्या पर्समधल्या वस्तूने मोटारीच्या यंत्रात जागा मिळविली, असे मी वर्गात म्हणाले तेव्हा मागच्या बाकावरची मुले हसली. हसू देत.

याच पुस्तकात एकटीने दूर जाणाऱ्या स्त्रीने जवळ छोटे पिस्तूल बाळगावे असेही तिने लिहिले आहे. कोणते पिस्तूल बाईच्या हाताला झटका देत नाही हेही सांगितले आहे. इतक्या शांतपणे, इतक्या नेटक्या शब्दांत, की चॉकलेट आणि पिस्तूल ही एकाच खणातली साधी नित्याची सामग्री वाटावी. पण वाचणाऱ्याने थोडे थांबावे. साबण कशाला हवा ते कळते, आरसा कशाला हवा तेही कळते. पिस्तूल कशाला हवे, याचे कारण तिने दिलेले नाही. तिच्या वाचक स्त्रियांना ते विचारावे लागले नसणार. हेरफर्डच्या त्या गमतीच्या गोष्टीशेजारी पुस्तकातला हा सल्ला ठेवला म्हणजे डोडो लाडाखातर होता की गरजेपोटी, याचा निवाडा करणे सोपे जाते.

त्या सुमारास आकाशात विमाने दिसू लागली होती. डोरोथीला तीही खुणावू लागली. फ्रान्समध्ये मूर्मेलाँ येथे ह्यूबर्ट लॅथम हा प्रसिद्ध वैमानिक अँतोआनेत विमान शिकवीत असे. तेथे ती उड्डाण शिकायला गेली. १९१० नंतर मात्र शर्यतींच्या बातम्यांतून तिचे नाव नाहीसे होते. विक्रम नाही, छायाचित्र नाही, दंडसुद्धा नाही. जाहिरातीला नवे चेहरे मिळाले असतील. हंगाम संपला की फडात पट्टा पडतो, टोळ्या गावाकडे परततात आणि मग पुढच्या दसऱ्यापर्यंत कारखान्याला त्यांची आठवण राहत नाही. तसेच काहीसे झाले.

तिचे नाव पुन्हा येते ते थेट मृत्यूच्या नोंदीत. १७ मे १९२२ रोजी लंडनमधील अप्पर बेकर स्ट्रीटवरच्या घरात ती अंथरुणात मृतावस्थेत आढळली. वय अवघे ४०. लग्न केलेले नव्हते. हृदयाचा विकार होता, त्यातच गोवर निघालेला, आणि वेदनेवर घेतलेल्या मॉर्फिनने मृत्यू ओढवला. चौकशीत अपघाती मृत्यू असा निर्णय झाला. मागे राहिलेली मालमत्ता २२४ पौंड. ती बहिणीला मिळाली. ज्या मोटारींच्या खपासाठी ती ताशी ९० मैल धावली त्यांतली एक विकत घ्यायलाही ही रक्कम पुरली नसती.

मोत्याचे काय झाले तेही सांगून टाकते. मी दुसरीत होते त्या वर्षी आमची टोळी प्रथमच ट्रकने निघाली. टायरगाड्या पुढे मिळणार होत्या. बैल, भांडी, सरपण, पोरेबाळे सगळे ट्रकात चढले. मुकादमाने कुत्रे घेऊ दिले नाही. माणसांनाच जागा नाही म्हणाला. मोत्या ट्रकामागे वेशीपर्यंत, मग पुढच्या ओढ्यापर्यंत धावत आला. ट्रकाला मागे आरसा होता. चालकाने त्यात पाहिले असेल. पाडव्याला आम्ही परत आलो तेव्हा तो गावात नव्हता. त्यानंतरच्या हंगामापासून मी आजीजवळ शाळेसाठी राहिले. आईने परक्या रानात कोपीत रात्री कशा काढल्या ते तिने कधी सांगितले नाही.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो अण्णांना वाचून दाखविला. आई गेल्यापासून ते संध्याकाळी ओट्यावरच बसतात. ९० मैलांचे त्यांना फारसे अप्रूप वाटले नाही. करंडकावर मालकाचे नाव आले, यावर त्यांनी नुसती मान हलविली. पण डोडोला गुंगी देऊन हत्यारांच्या पेटीतून आणले ते त्यांनी मला पुन्हा एकदा वाचायला लावले. मोत्याला कुणी असे पेटीत घातले असते तर त्याने पेटी फोडली असती, एवढे म्हणून ते बैलांना वैरण टाकायला उठले.